सहाव्या वर्षी येणारी सहावी दाढ : घर आणि शाळा मिळून ती कशी वाचवायची?



दातांचा पाठ आपण सगळेच शिकवतो. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. दुधाचे दात वीस, कायमचे बत्तीस. दात सकाळी आणि रात्री घासावेत. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळवतात. आणि त्याच वर्गातल्या निम्म्या मुलांच्या तोंडात किडलेले दात असतात.

'निम्म्या' हा शब्द अंदाजाने लिहिलेला नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली होती. त्या पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले आणि बारा वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण निम्म्याहूनही थोडं जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. इतका पसरलेला आजार, आणि तरी बहुतांशी टाळता येण्याजोगा!

मग तो टाळायला सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर अगदी नेमकं आहे : पहिली-दुसरीच्या वर्गातून, आणि एका विशिष्ट दाढेपासून.

न सांगता येणारी पाहुणी

दुधाचा दात हलायला लागला की घरभर कळतं. मूल तो जिभेने ढकलत राहतं, पडला की मुठीत धरून दाखवायला आणतं. कुणी तो कौलावर टाकतं, कुणी उंदराच्या बिळात. नवा दात कधी येतोय याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

पण साधारण सहाव्या वर्षी तोंडात चार कायमच्या दाढा येतात. त्या येताना कुठलाच दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून, त्या गुपचूप वर येतात. दोन वरच्या जबड्यात, दोन खालच्या. काही पडलंच नाही, त्यामुळे काही नवीन आलं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे दाढ काळी पडली की पालक म्हणतात, "दुधाचीच असेल, पडेल आपोआप." ती पडणार नसते. ती जन्मभरासाठी आलेली असते.

ही दाढ ओळखायची कशी? मुलाला उजेडात उभं करा, 'आ' करायला सांगा आणि समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मागे मोजत जा. पुढचे दात पडलेले असतील तर ती रिकामी जागाही मोजायची. एक, दोन हे पटाशीचे. तीन म्हणजे सुळा. चार आणि पाच या दुधाच्या दाढा. त्यामागे सहावी दिसली, तर ती कायमची. सहाव्या वर्षी, सहावी. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मुलांनाही हे फार आवडतं. आरशात बघून "माझी सहावी आली!" असं ओरडणारी मुलं कुठल्याही वर्गात भेटतील.

नेमकी हीच दाढ का किडते? कारणं तीन.

१. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. खाचेत अन्न बसतं, ब्रशचे केस आत पोचत नाहीत.
२. ती पूर्ण वर यायला बरेच महिने लागतात. तोवर ती पुढच्या दाढेपेक्षा खाली असते. ब्रश सरळ पुढे-मागे फिरवला की वरच्यावर निघून जातो, तिला लागतच नाही.
३. नव्या दाढेचं एनॅमल अजून पुरेसं पक्कं झालेलं नसतं. त्याला आम्लाचा त्रास लवकर होतो.

आणि ती गेली तर काय जातं? चावण्याचं मुख्य काम या चार दाढा करतात. त्यातली एक काढली की शेजारचा दात त्या जागेत कलतो, समोरच्या जबड्यातली दाढ पुढे सरकून लोंबायला लागते आणि पूर्ण ओळीचा तोल बिघडतो. चौथी-पाचवीतली अशी मुलं शिक्षकांच्या पाहण्यात असतात. जेवताना ती सगळा घास एकाच बाजूला ठेवतात. भाकरीची कड बाजूला काढतात, पेरू नको म्हणतात. दुसरी बाजू दुखते हे ती सांगतही नाहीत, कारण इतके महिने दुखल्यावर त्यांना तेच नेहमीचं वाटू लागतं. आपण वहीत 'लक्ष कमी' असं लिहितो. रात्रभर दाढ ठणकलेल्या मुलाचं लक्ष सातच्या पाढ्यावर कसं राहावं?

जाता जाता दुधाच्या दातांबद्दलही बोलू. "पडणारच आहेत, कशाला खर्च?" हे वाक्य प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, आणि खालून येणाऱ्या दातासाठी जागा राखून ठेवतात. एसटीत खिडकीच्या जागेवर रुमाल टाकतो ना, तसंच. दुधाची दाढ लवकर काढावी लागली की मागची सहावी पुढे सरकते, जागा अडवते आणि नवा दात वेडावाकडा येतो.

'कीड' म्हणजे किडा नव्हे

आपल्या भाषेत 'दाताला कीड लागली' म्हणतात, त्यामुळे मुलांना वाटतं की आत खरोखर अळी आहे. मोठ्यांनाही वाटतं. बाजारात कुठल्याशा बियांची धुरी देऊन दातातला 'किडा' काढून दाखवणारे लोक अजूनही सापडतात. तो हातचलाखीचा खेळ असतो. दातात किडा नसतोच.

असतात ते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे. दातांवर जो चिकट, पांढुरका थर बसतो त्यात ते राहतात. आपण साखर खाल्ली की तेही ती खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवतं. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरच्या थराची आम्लता मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच आम्लता झपाट्याने वाढते, आणि पुन्हा पहिल्यासारखी व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, असं त्यांना दिसलं. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजं थोडी परतही देते.

म्हणजे दातावर दिवसभर देवाणघेवाण चालू असते. खर्च जमेपेक्षा जास्त झाला, की आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो. इथवर दात सावरू शकतो. मग डाग तपकिरी होतो, खड्डा पडतो. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप भरत नाही.

*वर्गातला प्रयोग :* एका वाटीत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्या आणि त्यात नदीवरचा किंवा समुद्रावरचा शिंपला टाका. लगेच बुडबुडे येताना दिसतील. अंडं चालत असेल तर अख्खं अंडं व्हिनेगरमध्ये एक दिवस ठेवा. कवच विरघळून अंडं रबरासारखं मऊ होतं. मुलांना हेही सांगा की शिंपला, अंड्याचं कवच आणि दात यांची घडण वेगवेगळी आहे. दात इतक्या लवकर विरघळत नाही. पण आम्ल कठीण वस्तू कशी खातं, ते डोळ्यांनी दिसतं.

किती गोड, यापेक्षा किती वेळा गोड

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात एक अभ्यास झाला. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं राहत. त्यांची संमती न घेता त्यांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली; काहींना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या. अनेकांचे दात उद्ध्वस्त झाले. असा अन्याय आज कुणी करू धजणार नाही, करूही नये. पण त्या माणसांनी सोसलेल्या त्रासातून जे कळलं ते विसरणं हाही अन्यायच होईल. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने नुकसान कमी झालं. तीच साखर चिकट रूपात, मधल्या वेळेत, पुन्हा पुन्हा खाल्ली तेव्हा सर्वाधिक दात किडले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना खाऊ फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली.

आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीच खाऊ मिळायचा, ते दिवस आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील. आता दुकान शाळेच्या वाटेवर आहे आणि खाऊची पुडी पाच रुपयांना मिळते.

*उपक्रम : गोडाची घड्याळपट्टी.* मुलांना वहीत सकाळी ७ ते रात्री १० अशी एक आडवी पट्टी आखायला सांगा. काल काही गोड किंवा चिकट खाल्लं असेल त्या प्रत्येक वेळेपुढे अर्धा तास लाल रंगवायचा. एखाद्या मुलाची पट्टी अशी दिसेल :

- ७.०० चहा-बिस्कीट
- ९.३० शाळेच्या वाटेवर गोळी
- ११.०० वर्गमित्राच्या वाढदिवसाचं चॉकलेट
- २.३० छोट्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट
- ५.३० घरी चहा-टोस्ट
- ७.०० दुकानातली जेली
- ९.३० साखर घातलेलं दूध, आणि झोप

सात वेळा अर्धा तास, म्हणजे साडेतीन तास. हेच गोड तीन वेळेत जेवणासोबत खाल्लं तर दीड तास. गणिताचा तास आणि विज्ञानाचा तास एकत्रच होतो, आणि मुलं घरी जाऊन आईची, आजोबांची पट्टीही आखतात!

इथे दोन गोष्टी पालकांना जरूर सांगा. पहिली, गूळ आणि मध हीसुद्धा दाताच्या दृष्टीने साखरच. चिक्की पौष्टिक आहे, पण चिकटतेही. ती जेवणासोबत द्या, मधल्या वेळेत नको. दुसरी, चिप्स आणि टोस्ट गोड लागत नाहीत, तरी त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि त्यातल्या स्टार्चचीही साखर होते. मधल्या वेळेसाठी फुटाणे, शेंगदाणे, काकडी, गाजर, पेरू उत्तम. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटऐवजी ग्रंथालयासाठी एक पुस्तक, अशी प्रथा कितीतरी शाळांनी पाडली आहे. आपणही पाडू या.

रात्रीचा ब्रश : सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट

आपल्या घरांत दात सकाळी घासतात. उठल्यावर दात घासल्याशिवाय चहा नाही, हा नियम पक्का. सवय चांगली आहे, मोडू नका. पण दातांना सर्वांत जास्त धोका रात्री असतो. झोपेत लाळ फार कमी सुटते. गोड दूध पिऊन झोपलेल्या मुलाच्या दातांवर आम्ल तासन्‌तास तसंच राहतं. म्हणून दोनपैकी एकच वेळ जमत असेल, तर ती रात्रीची निवडा. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात. मधात बुडवलेली चोखणीही नको.

आता ब्रश कसा करायचा ते बघू.

- कोणी? साधारण आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवायचा. ज्या मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढा नीट घासता येणार नाहीत, हे सोपं मोजमाप.
- कसं उभं राहायचं? मुलाच्या मागे. त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा, एका हाताने हनुवटी धरा. आत स्वच्छ दिसतं.
- सहावीसाठी खास : ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत न्या आणि फक्त त्या एका दाढेवर थोडा वेळ फिरवा. पुढून सरळ नेलात तर ती सुटेल.
- पेस्ट किती? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती विक्रीसाठी.
- कोणती? पाकिटावर 'फ्लोराइड' शब्द आहे का ते बघा. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम ठेवता येतं. कितीतरी पेस्टींमध्ये ते अजिबात नसतं. फ्लोराइड एनॅमलला आम्लापुढे टिकायला मदत करतं आणि सुरुवातीचा पांढरा डाग भरून यायलाही मदत करतं.
- शेवटी? पेस्ट थुंकायची, गिळायची नाही. पण खळखळून चुळाही भरू नका. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

राखुंडी, काडी आणि मिश्री

विटेची भुकटी, कोळसा, राखुंडी यांनी दात चकचकीत होतात, कारण ते खरवडले जातात. एनॅमल एकदा झिजलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने समोरचे दात साफ होतात, पण सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचेत काडी पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइडही नसतं. आजोबांना त्यांची काडी वापरू द्या. नातवाला ब्रश द्या.

मिश्रीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती बोलायला अवघड आहे आणि म्हणूनच बोलली पाहिजे. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही पूड महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत बायका दाताला लावतात. 'दात साफ होतात, दुखणं थांबतं' असं सांगतात. ते खरं नाही. निकोटीनने थोडा वेळ बधिरपणा येतो आणि सवय लागते. हिरड्या दातांपासून सुटतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरी भाजलेल्या मिश्रीला कुठलं लेबल? आणि मिश्रीची डबी आणून द्यायला घरात बहुतेक वेळा लहान मुलालाच पाठवतात.

वर्गात हा विषय घेताना एक पथ्य पाळा. "कुणाची आई मिश्री लावते, हात वर करा" असं कधीही विचारू नका. मुलाला आईची लाज वाटेल असं काही आपल्या तोंडून जाता कामा नये. हे बोलणं पालकसभेत, शक्यतो महिला शिक्षिका किंवा आशाताईंच्या मदतीने, बायकांमध्ये बसून करावं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, एवढं सांगितलं तरी एखादा जीव वाचू शकतो. आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जरूर वाचून दाखवा.

प्रत्येक डाग किडीचा नसतो

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात हिरडीत घडत असताना मुलांनी असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, की दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. याला फ्लोरोसिस म्हणतात. हे डाग घासून जात नाहीत. अशा मुलाला "दात घासत नाहीस का?" असं विचारणं म्हणजे त्याने न केलेल्या चुकीची शिक्षा देणं. ते मूल हसताना तोंडावर हात धरायला शिकतं.

थोडं फ्लोराइड दातांचं रक्षण करतं आणि जास्त झालं तर दात आणि हाडं दोन्ही बिघडवतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल १.५ मिलिग्रॅम, असं भारतीय मानक आहे. वर्गात अनेक मुलांचे दात सारखेच डागाळलेले दिसले तर ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या. असं काम शिक्षकच करू शकतात, कारण गावातली इतकी तोंडं रोज एकत्र बघणारं दुसरं कुणी नाही.

शाळा काय करू शकते?

"आम्ही आधीच कामाच्या ओझ्याखाली, त्यात दात कुठे?" असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. पण एक उदाहरण बघा. स्कॉटलंडमध्ये लहान मुलांचे दात फार वाईट होते. २००३ मध्ये नुकत्याच शाळेत आलेल्या, साधारण पाच वर्षांच्या दर १०० मुलांमागे फक्त ४५ जणांचे दात उघड किडीपासून मुक्त होते. मग तिथे 'चाइल्डस्माइल' हा कार्यक्रम आला. त्याचा कणा अगदी साधा : बालवाडीत रोज, शिक्षकांच्या देखरेखीखाली, फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश. २०१८ मध्ये हा आकडा ४५ वरून ७१ वर गेला. गरीब वस्त्यांतल्या मुलांनाही फायदा झाला, आणि उपचारांवरचा वाचलेला पैसा ब्रशवरच्या खर्चापेक्षा जास्त निघाला.

आपल्याकडे बालवाडीऐवजी अंगणवाडी आणि पहिली-दुसरी धरा. पोषण आहारानंतर मुलं हात धुवायला रांगेत उभी राहतातच. त्याला पाच मिनिटं जोडायची. काळजी एवढीच घ्या :

१. प्रत्येकाचा ब्रश वेगळा, त्यावर हजेरी क्रमांक. ब्रश अदलाबदल झाला तर टाकून नवा द्यायचा.
२. पेस्टची ट्यूब थेट ब्रशला लावायची नाही. स्वच्छ ताटलीत वाटाण्याएवढे वेगवेगळे ठिपके द्या, प्रत्येकाने आपला उचलायचा.
३. ब्रश उभे, हवेशीर आणि एकमेकांना न लागता ठेवायचे. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा चालतो.
४. केस वाकडे झाले की, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी, ब्रश बदलायचा. खर्चासाठी गावातल्या दात्यांना सांगा. वह्या देणारे ब्रशही देतात.

शाळेला हेही जमत नसेल, तर निदान तपासणीचा पाठपुरावा करा. २०१३ मध्ये पालघरहून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. दातांचे आजार त्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक संदर्भ चिठ्ठी देतं, आणि ती चिठ्ठी बहुतेक वेळा दप्तराच्या तळाशी जाते. एका वहीत तीन रकाने आखा : नाव, काय सांगितलं, दाखवलं का. दर महिन्याला तिसरा रकाना बघून पालकांना एक फोन करा. जवळच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते विचारून फलकावर लिहून ठेवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांजवळच्यांना शासकीय दंत महाविद्यालयांचाही आधार आहे.

दंतवैद्याकडे गेल्यावर सहाव्या दाढेबद्दल एक प्रश्न आठवणीने विचारा : "खाचा भरून घेता येतील का?" न किडलेल्या दाढेच्या खाचांत एक पातळ लेप बसवून त्या बंद करतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. याला सीलंट म्हणतात. दाढ पूर्ण वर आली की लवकरात लवकर तो लावून घ्यावा. पुढच्या रूट कॅनालच्या आणि कॅपच्या हजारोंच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

पालकसभेत हमखास येणारे प्रश्न

*लवंगेचं तेल लावलं की दुखणं थांबतं. मग डॉक्टर कशाला?*
लवंगेने वेदना तात्पुरती कमी होते. खड्डा तसाच वाढत राहतो. दुखायचं थांबलं म्हणजे कधी कधी आतली नसच मेलेली असते.

*वरची दाढ काढली की डोळे अधू होतात का?*
नाही. दाढेचा आणि नजरेचा असा संबंध नाही. या भीतीने सडलेली दाढ तोंडात ठेवणं जास्त धोक्याचं.

*दात साफ करून घेतले की हलतात म्हणे?*
दगडासारखा साचलेला थर निघाला की आधीच सुटलेले दात हलताना जाणवतात. दात सुटतात ते त्या थरामुळे, सफाईमुळे नाही.

*ब्रश करताना रक्त येतं, मग थांबवू का?*
थांबवू नका. हिरड्या सुजल्याची ती खूण आहे. मऊ ब्रशने हलक्या हाताने रोज साफ केलं तर बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. नाही थांबलं तर दाखवा.

या आठवड्यात एवढं करा

पालकांनो, आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून मुलाच्या तोंडात सहावी दाढ शोधा आणि ब्रशचा शेवटचा हात तुम्ही फिरवा. शिक्षकांनो, पहिली-दुसरीच्या हजेरीपटावर एक रकाना वाढवा : 'सहावी आली का?' ज्यांची आली त्यांच्या घरी दोन ओळींची चिठ्ठी द्या. 'तुमच्या मुलाला कायमची दाढ आली आहे. ती पडून पुन्हा येणार नाही.' दातांच्या पाठाचे गुण पेपरात मिळतच राहतील. पण ही चिठ्ठी वेळेवर घरी पोचली, तर ते मूल म्हातारपणीही त्याच दाढेने भाकरी चावेल.